भिंतीच्या रंगाची साडी

विकायचा चहा आणि दुकानाला रंग द्यायचा मिरचीचा, हे दामिनीला कधी पटलंच नाही. अकोल्यात चहापत्तीची जेवढी म्हणून दुकानं, तेवढ्यांच्या पाट्या एक तर लालभडक, नाहीतर हिरव्यागार, नाहीतर दोन्ही रंग एकमेकांच्या उरावर. ती वाढली ती जुन्या शहरातल्या बापाच्या दुकानात, पत्तीच्या पोत्यांना टेकून अभ्यास करत. चहा कोणत्या वेळी कोणत्या रंगाचा असतो, हे तिला कोणी शिकवायची गरज नव्हती. कोरा उकळतो तेव्हाचा वेगळा, चोथा वाळल्यावरचा वेगळा. तिच्या डोळ्यांत बसलेला होता तो दूध पडून एक उकळी आल्यावरचा, मातीच्या जवळचा, बघूनच ऊब वाटावी असा तपकिरी. स्वतःचं दुकान असतं तर त्याच रंगाचं केलं असतं, असं ती कॉलेजात असल्यापासून म्हणायची, आणि घरचे हसायचे.

तिचे वडील वामनराव गावंडे. मोर्णा नदी ओलांडून जुन्या शहरात गेलात आणि ‘गावंडे चहा’ कुठं म्हणून विचारलंत, की कोणीही गल्लीच्या तोंडापर्यंत नेऊन सोडेल. दामिनीचं लग्न झालं तेही गावातच. नवरा श्याम, शाळेत मास्तर, कमी बोलणारा. घरचं आवरून ती सकाळी जी दुकानात यायची, ती दिवेलागणीलाच परत. कोणत्या पत्तीत कडकपणा आहे, कोणतीला नुसताच वास आहे, हॉटेलवाल्याला कोणता मेळ द्यायचा आणि घरगुती गिऱ्हाइकाला कोणता, हे सगळं गेली कितीतरी वर्षं तीच ठरवत होती. धाकटा भाऊ विपुल पुण्यात कंपनीत होता. त्याला चहा फक्त प्यायला माहीत.

दिवाळीच्या तोंडावर वामनरावांच्या छातीत कळ आली. अमरावतीला नेलं, रक्तवाहिनीत स्टेन्ट टाकला, माणूस वाचला. घरी आल्यावर पलंगावर पडल्या पडल्या त्यांनी दामिनीला जवळ बसवलं.

“जुन्या गल्लीत आता गिऱ्हाइकाले गाडी लावाले जागा नाई,” ते म्हणाले. “तिकडे मोठ्या रोडवर मी गाळा घेऊन ठेवला हाय. थे दुकान तुहं. तुले जसं पाह्यजे तसं सजव.”

“माहं?” दामिनीला खरंच वाटेना.

“मंग कोनाचं? एवढी वर्सं कोन बसलं पोत्यापाशी? विपुल काही पुनं सोडून येत नाई.”

आई, म्हणजे जमुनाबाई, तिथंच खाली बसून वाती वळत होत्या. त्यांनीही मान हलवली. आता मला सांगा, बापानं आईदेखत असं म्हटल्यावर कोणती लेक पुन्हा पुन्हा विचारत बसते? दामिनीनं नाही विचारलं. तिनं बापाच्या पायावर पांघरूण घातलं, घरी गेली आणि श्यामच्या गळ्यात पडून हसली. मग रडली. मग परत हसली.

दुसऱ्या दिवसापासून तिच्या अंगात वारं शिरलं. अय्युबभाई पेंटरला बोलावलं. गावंडेंच्या जुन्या दुकानाचा चुना आणि पाटी दोन्ही त्यांच्याच हातची. त्यांनी कंपनीचं रंगांचं पुस्तक उघडून धरलं, दामिनीनं ते बाजूला सारलं. त्यातला एक तपकिरी विटेसारखा लाल मारायचा, एक अगदी चॉकलेटच्या वेष्टनासारखा काळपट, एक नुसताच उदास. मग अय्युबभाईंनी बादलीत पांढरा घेतला, त्यात गेरू, थोडा पिवळा, काडीच्या टोकावर काळा. भिंतीवर पट्टा ओढायचा, वाळू द्यायचा, सकाळी बघायचा, उन्हात बघायचा, दिवे लावून बघायचा. ट्यूबलाइटखाली तो रंग मेल्यासारखा दिसायला लागला तेव्हा दामिनीनं ट्यूबा काढून पिवळे दिवे लावायला सांगितले. भिंत पट्ट्यापट्ट्यांनी भरून गेली.

“बेटा, और कितना घुमाएगी मेरेकू?” अय्युबभाई बादली ढवळत म्हणायचे.

“अजून थोडा पिवळा, भाई. हा रंग गरम नाही वाटून राहिला.”

एका सकाळी तो जमला. दोघं भिंतीसमोर उभी राहिली आणि अय्युबभाईंनी बादलीवर झाकण ठेवलं. दामिनीनं सगळ्या दुकानाला तो फासला नाही, हेही सांगून ठेवतो, नाहीतर तुम्हाला वाटेल पोरगी रंगाच्या नादी लागून वेडी झाली. तो फक्त गल्ल्यामागच्या मोठ्या भिंतीला आणि काउंटरच्या पोटाला. बाकीच्या भिंती सायीसारख्या. रॅक सागाच्या लाकडाचे, नुसतं तेल पाजलेले. नमुन्याची पत्ती ठेवायला पितळेच्या वाट्या. डब्यांवर आणि कागदी पिशव्यांवर तोच तपकिरी, आणि त्यावर पांढऱ्या अक्षरात ‘गावंडे चहा’ हे नाव. दुकानात पाय टाकला की माणसाला चहाची तलफ यावी, एवढाच तिचा हिशेब होता.

लोकांनी नावं ठेवायची ती ठेवलीच. हिवरखेडहून आत्या आली होती, ती दारातूनच ओरडली, “काय वो दामिनी, भिंतीले सारवलं काय? शेण कमी पडलं अशीन तं सांग, गावाहून पाठवतो!” दामिनी हसली. वामनरावही तेव्हा हसले आणि म्हणाले, रंग जरा सुतकी वाटते बाप्पा, पाह्य बुवा. त्यांना तो फारसा पटलेला नव्हता, हे खरं.

संक्रांतीच्या सुमारास विपुल बायकोला, प्रियदर्शनीला घेऊन पुण्याहून आला. कंपनीनं माणसं कमी केली, त्यात हा गेला. वाईटच झालं, दामिनीलाही वाईट वाटलं. तिनं त्याच्यासाठी तीळगुळाच्या पोळ्या केल्या. “होईन सगळं नीट, कायले घाबरतं,” असं त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली. विपुल अधूनमधून नव्या दुकानात येऊन उभा राहायचा. एक दिवस भिंतीकडे बघून म्हणाला, “ताई, ब्राऊन फार डल वाटतो गं. ऑरेंज करू या का? फोटोत उठून दिसेल.”

दामिनी काही बोलणार, त्याआधीच वामनराव कडाडले. “रंगाचं दामिनी ठरवन! त्यात तू तोंड घालू नको. तिले जो पाह्यजे तोच राह्यन.”

दुकानातले सुतारसुद्धा हात थांबवून बघायला लागले. आणि दामिनीला काय वाटलं सांगू? तिला वाटलं, बाप आपल्या बाजूनं उभा राहिला. ज्या बापानं आयुष्यभर विपुलच्या ताटात आधी वाढायला लावलं, तो आज पोराला दटावतो तेही माझ्यासाठी. त्या दिवसानंतर तर वामनराव येईल त्याला भिंत दाखवायला लागले. “पाहा, आमच्या दामिनीचा रंग. साऱ्या अकोल्यात सापडनार नाई.” आधी ज्याला सुतकी म्हणत होते, त्याची आता एवढी तारीफ. दामिनीनं त्याचा एकच अर्थ काढला आणि घरी जाऊन श्यामला सांगितला, की बाबांना माझी किंमत कळली. श्याम म्हणाला, चांगलं आहे. त्याला तरी काय माहीत?

उद्घाटन पाडव्याला ठरलं. आदल्या दिवशी दामिनीनं पूजेचं सगळं सामान स्वतः आणलं. श्यामसाठी कोसल्याचं रेशमी उपरणं आणलं, त्याला धोतर नेसता येत नाही म्हणून घरी दोनदा नेसवून बघितलं. पाडव्याच्या सकाळी गुढी उभारून होते न होते तोच जमुनाबाई साडी घेऊन तिच्या घरी हजर. कागद उघडला आणि दामिनी बघतच राहिली. रेशमी साडी, बारीक सोनेरी काठ, आणि रंग तो! तिच्या भिंतीचा! जवळपास नव्हे, तंतोतंत.

“आई, हा कुठी भेटला?”

“अमरावतीले. मी अन् प्रियदर्शनी गेलो होतो. भिंतीचा रंग पुठ्ठ्यावर घेऊन गेलो, अन् साऱ्या दुकानांतून पुठ्ठा लावून लावून पाह्यलं. आजच्यासाठी घेतली तुले. हेच नेसजो.”

आईनं पुठ्ठा घेऊन अमरावती पालथी घालावी! दामिनीचे डोळे भरून आले. पूजेला बसणारीला माहेरची साडी, तीही तिच्याच रंगाची. तिनं ती नेसली, श्यामच्या खांद्यावर उपरणं टाकलं आणि दोघं दुकानात पोचली.

दुकान माणसांनी भरलेलं. आत्या होती, जुन्या शहरातले व्यापारी होते, अय्युबभाई नवा कुर्ता घालून कोपऱ्यात उभे होते, विपुलनं आणलेला फोटोवाला इकडून तिकडे फिरत होता. गल्ल्यामागच्या भिंतीसमोर चौरंग मांडलेला, पुढं दोन पाट. गुरुजींनी पळी-पंचपात्र नीट केलं आणि म्हणाले, “यजमान या. पाटावर बसा.”

दामिनीनं पदर सावरला. एक पाऊल पुढंही टाकलं. तेवढ्यात आतल्या खोलीतून विपुल आला, सोवळं नेसून. मागून प्रियदर्शनी, अंगावर हिरवा शालू. दोघं दामिनीच्या अंगावरून गेली आणि पाटांवर बसली.

दामिनीला आधी कळलंच नाही. तिला वाटलं, काहीतरी चुकलं, कोणीतरी आता सांगेल. तिनं बापाकडे बघितलं. वामनराव कलशातल्या आंब्याच्या पानांकडे बघत होते. आईकडे बघितलं, तर आईनं खूण केली.

“ये नं वो लवकर,” जमुनाबाई म्हणाल्या. “गाठ मारून दे त्यायले. बहीनच मारते गाठ.”

आपल्याकडे नवरा-बायको पूजेला बसले की त्याच्या उपरण्याची आणि तिच्या पदराची गाठ बहिणीनं मारायची, तिचा तो मान. त्या मानाची बहिणीला साडी द्यायची, तीही रीत. जी साडी दामिनी मालकिणीची समजून नेसून आली, ती गाठ मारणाऱ्या पाहुणीची होती. सगळ्या दुकानात ही गोष्ट न कळलेली एकच बाई होती, आणि ती चौरंगासमोर उभी होती.

तिनं गाठ मारली. काय करणार होती? पन्नास डोळे लागलेले, गुरुजी थांबलेले. पहिली गाठ सुटली, परत मारावी लागली. गुरुजींनी संकल्पात नाव घेतलं ते विपुलचं. श्याम खांद्यावरचं उपरणं हळूच काढून घडी करत होता. ते बघून दामिनीला जे झालं, ते स्वतःच्या अपमानानंही झालं नव्हतं.

पूजा आटोपली. फोटोवाल्यानं सगळ्यांना भिंतीसमोर उभं केलं आणि कॅमेरा खाली घेऊन म्हणाला, “ओ ताई, जरा इकडे सरका ना. साडी अन् भिंत एकच होऊन राहिली, तुमी दिसूनच नाही राहिल्या.” लोक हसले. दामिनी सरकली ती चौकटीबाहेरच. कोपऱ्यात अय्युबभाईंशी नजरानजर झाली. त्यांनी मान खाली घातली.

“भाई, तुमाले मालूम होतं?”

“बोर्ड पे विपुल का नाम मैंनेच लिखा, बेटा. महाशिवरात्र के पहले. मेरेकू लगा, तेरेकू मालूम है.”

महाशिवरात्रीच्या आधी. म्हणजे ती पिशव्यांच्या रंगासाठी छापखान्यात खेटे घालत होती तेव्हा. पाटी बघायला गेली तेव्हा ‘रंग कच्चा आहे, हात लागेल’ म्हणून विपुलनं फडकं काढू दिलं नव्हतं, आणि दारावर आजही ते फडकं तसंच होतं. आई पुठ्ठा घेऊन अमरावतीत साडी शोधत होती तेव्हा सगळं ठरून चुकलं होतं. तिचं मन आईवरून जास्तच उडालं. बाप तरी बाप, आईनं तो रंग घेऊन दुकानं फिरावीत?

तिनं वामनरावांना आतल्या खोलीत गाठलं. ते पत्तीच्या नव्या खोक्यावर बसून गोळी घेत होते.

“बाबा, तुमी मले काय म्हनलं होतं?”

“हळू बोल. लोकं आहेत.”

“थे दुकान तुहं, असं म्हनलं होतं. आईदेखत.”

“तवा विपुल पुन्यात होता,” वामनराव म्हणाले. आवाजात चोरटेपणा नव्हता, हे तिला जास्त लागलं. “आता पोराची नोकरी गेली. बायको हाय, उद्या लेकरू होईन. तुहं काय, तू दिल्या घरी सुखी हायस, जावई पगारदार आहेत. मी पोराले उघड्यावर टाकू काय?”

“मंग संक्रांतीले काहून नाई सांगितलं? मले राबवत ठेवलं, अन् साऱ्यायले सांगितलं?”

“तू काम टाकून गेली असती. तुह्यासारखं कोनं केलं असतं एवढं?” आणि मग त्यांना खरंच वाटलं की आपण लेकीला समजावतो आहोत. “अन् पाह्य, तुह्या मनासारखं झालंच नं? विपुल त्या रंगाच्या मांगं लागला होता, मी त्याले हात लावू देल्ला काय? दुकान त्याचं, पन रंग तुहा. तुले तेवढं तरी पाह्यजे म्हनून मी पोराले साऱ्यांदेखत बोललो.”

दामिनी भिंतीला टेकली. तो कडाडलेला आवाज, येईल त्याला दाखवलेली ती भिंत. बाप तिच्या बाजूनं नव्हताच उभा. लहान पोर बाजारात रडू नये म्हणून हातात फुगा द्यावा, तसा त्यानं तिला रंग दिला होता. आणि ती येडी तो घेऊन घरभर नाचली होती. तिला बापाचा इतका राग आला की हातातला रुमाल चुरगळून मुठीत कडक झाला.

“उद्यापासून सकाळी येत जाजो,” वामनराव उठत म्हणाले. “त्याले पत्तीतलं काही समजत नाई. शिकव जरा.”

बाहेरून हाका आल्या. पहिलं गिऱ्हाईक घ्यायच्या आधी बहिणीनं भावाला गल्ल्यावर बसवून ओवाळायचं होतं. आईनं आरतीचं ताट तिच्या हातात दिलं. विपुल खुर्चीत बसला, मागं तो तपकिरी, अंगावर पिवळे दिवे. दुकान खरंच सुरेख दिसत होतं. कोणाचंही मन रमावं असं. दामिनीनं कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, निरांजन फिरवलं.

“माग ताई, काय पाहिजे ओवाळणी?” विपुल हसून म्हणाला. मनानं वाईट नव्हता तो, त्याला फक्त मिळत गेलं होतं.

दामिनीनं त्याच्याकडे बघितलंच नाही. ती वामनरावांकडे वळली.

“बाबा, आत्ताच तुमी मले म्हनलं, दुकान विपुलचं, रंग तुहा. खरं आहे नं?”

वामनराव म्हणाले, “हाव. म्हनलं.”

“मंग माहा रंग मले परत द्या. अय्युबभाई उद्या भिंत पांढरी करून देतीन. डबे, पिशव्या, काउंटर, सगळ्यावरून काढा. मले ओवाळनी तेवढीच पाह्यजे.”

“अगं ताई, काहीतरीच काय!” विपुल हसायचा प्रयत्न करत म्हणाला. “आता तोच तर आपला ब्रँड आहे. सगळं छापून आलंय.”

“मी तुले नाई विचारून राहिली, विपुल. ज्यायनं देल्ला त्यायले विचारून राहिली.”

आत्यानं तोंडावर पदर धरला. जमुनाबाई “दामिनी, शोभते काय वो हे” असं पुटपुटल्या. वामनरावांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मग ते थांबले, आणि त्यांनी गल्ल्यावर बसलेल्या विपुलकडे बघितलं. गिऱ्हाइकाला भाव सांगण्याआधी नोकर मालकाकडे बघतो, तसं बघितलं. विपुलनं डोळ्यांनीच नाही म्हटलं.

वामनरावांनी तोंड मिटलं.

रंगही तिचा नव्हता. तो द्यायचा अधिकार बापालाही उरला नव्हता, आणि हे त्याला स्वतःलाही या घटकेलाच कळलं, हे दामिनीला त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसलं. एरवी तिला त्याची दया आली असती. आज आली नाही. तिनं ताट प्रियदर्शनीच्या हातात दिलं आणि श्यामला म्हणाली, “चाला, घरी जाऊ.” श्याम उपरण्याची घडी काखेत धरून निघाला, आणि दारातल्या चपलांच्या गर्दीत दोघं आपापले जोड शोधायला लागली.